आधीबी बंद, आताबी बंद

"आज विमान वेळेवर उडणार. शंकेला जागाच नाही!" असं दिव्यानीने सकाळी जाहीर केलं. शंका घेणं हाच जिचा स्वभाव, तिने असं वाक्य उच्चारावं, इथेच खरं तर सगळ्यांनी सावध व्हायला हवं होतं.

नागभीडपलीकडे, जिथे धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल सुरू होतं, तिथे एका उड्डाणशाळेची धावपट्टी होती. विमान तपासून 'उडण्यास योग्य' अशी सही करण्याचा अधिकार दिव्यानीला नुकताच मिळाला होता. त्या दिवशी उर्वशीची वैमानिकाची अंतिम परीक्षा होती. परीक्षक रेल्वेने आले होते आणि त्याच रात्रीच्या गाडीने परतणार होते. आज परीक्षा हुकली, तर पुढची तारीख थेट पावसाळ्यानंतर! आधीच दोनदा परीक्षा हुकलेली उर्वशी सकाळपासून पाणीसुद्धा भीत भीत पीत होती.

विमानात एकच बिघाड होता. उतरताना लागणारा, नाकाखालचा दिवा जळलेला होता आणि नवा अजून यायचा होता. दिवसाउजेडी त्याची गरज नसते, म्हणून नियमच सांगतो : बिघाड नोंदवा, त्याची वीज तोडा, बटणावर 'बंद' अशी पट्टी लावा, आणि उजेड आहे तोवर खुशाल उडा. दिव्यानीने हे सारं शल्यविशारदाच्या शिस्तीने उरकलं आणि ती परीक्षकांना कागद दाखवायला कार्यालयात गेली.

घोटाळा तिथे झाला. कारण बाहेर बापूराव होते!

बापूराव म्हणजे दिव्यानीचे वडील. नागभीड-आरमोरी रस्त्यावर त्यांची काळी-पिवळी जीप चालायची. परीक्षकांना स्टेशनवरून आणण्या-नेण्याचं काम शाळेने त्यांनाच दिलं होतं. लेकीच्या विमानाभोवती ते अभिमानाने फिरत होते, तोच काचेतून त्यांना ती पट्टी दिसली. भर परीक्षेच्या दिवशी, परक्या साहेबासमोर, लेकीच्या विमानावर 'बंद'! नवरी मांडवात यावी आणि तिच्या शालूला दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत असावी, तसं त्यांना झालं.

दिव्यानी बाहेर आली, तेव्हा विमानाचा दिवा लागलेला होता.

दिवा कसला, प्रतिसूर्यच! चहावाली ठमाबाई डोळ्यांवर पदर धरून उभी होती आणि कॉकपिटमधून बापूराव हात हलवत होते.

"पाय बेटा! लागली का नाई लाइट?"

दिव्यानीच्या तोंडून शब्द फुटण्याआधी दिवाच फुटला. फट्! मागोमाग जळक्या वायरचा वास आला. बापूरावांनी तोडलेली वायर पुन्हा जोडून तिथे आपल्या जीपचा बल्ब बसवला होता, आणि विमानातली वीज जीपच्या दुप्पट दाबाची होती. तिच्यापुढे जीपचा बल्ब किती टिकणार, हे सांगायला विमानशास्त्र लागत नाही.

"बाबा! तुमाले हात लावायले कोणं सांगतलं होतं?" संतापाने दिव्यानीची पुस्तकी मराठी क्षणात नागभीडला पोचली.

"काऊन चिडून राह्यली तू? आधीबी बंदच होती, आताबी बंदच हाये. फरक काय पडला?"

युक्तिवाद इतका सुबक होता की परीक्षकही मान डोलावू लागले. "तसं पाहिलं तर खरं आहे. पट्टी पुन्हा लावा, निघू."

"हो ना ताई," उर्वशी काकुळतीने म्हणाली, "मले त दिवसाच उडाचं हाये!"

"फरक असा आहे," दिव्यानी एकेक शब्द दाताखाली चावत म्हणाली, "की सकाळी काय बिघडलंय ते मला ठाऊक होतं. आता नाही! वायर कुठवर जळली? आत काय वितळलं? पेट्रोलची नळी तिथून वीतभर अंतरावर आहे, साहेब. तुमची खात्री असेल तर हा घ्या पेन. करा सही!"

परीक्षकांना अचानक समोरची सागाची झाडं फार प्रेक्षणीय वाटू लागली.

दिव्यानीने विमानाचं नाक उघडलं. बापूराव मदतीला हजरच!

"चिकटपट्टी देऊ का, बेटा?"

"बाबा, जीपमदी जाऊन बसा!"

"जीपमदी बसून काय करू?"

"काईच करू नका! तेच त सांगून राह्यली मी!"

वायर आतपर्यंत कोळसा झाली होती. ती बदलून, आजूबाजूचं सारं तपासून दिव्यानीने 'बंद'ची पट्टी पुन्हा लावली, तेव्हा सूर्य सागांमागे गेला होता. आणि त्या दिव्याविना विमान फक्त उजेडात उडू शकत होतं! उर्वशी धावपट्टीच्या कडेला बसून रडू लागली. परीक्षकांनी पिशवी उचलली.

"भेटू पावसाळ्यानंतर. बापूराव, चला स्टेशनवर."

बापूराव जागचे हलेनात. "जीप नाई जाऊ शकत, सायेब. लाइट नाई."

"कुठे गेली लाइट?"

"इमानात टाकली ना जी!"

"बाबा, आणि दुसरी?" दिव्यानीने थंड आवाजात विचारलं.

"ते त दिवाळीपासूनच बंद हाये. एकावर चालवून राह्यलो होतो."

"कोणाले सांगतलं होतं?"

"कोणाले सांगाचं? पॅसिंजरले?"

स्टेशनचा रस्ता जंगलातून जात होता, आणि त्या आठवड्यात एक वाघीण पिल्लांसह तिन्हीसांजेला त्याच रस्त्यावर बसलेली दिसली होती. परीक्षकांनी जंगलाकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं, आणि पिशवी खाली ठेवली. रात्र त्यांनी कार्यालयातल्या बाकावर काढली. पहाटे करण्यासारखं दुसरं काहीच नसल्यामुळे, उजाडताच त्यांनी उर्वशीची परीक्षा घेतली. उर्वशी उत्तम उडाली आणि पास झाली!

तेव्हापासून बापूराव आरमोरीच्या रस्त्यावर प्रत्येक प्रवाशाला सांगतात, "म्या मुद्दामच उडवली लाइट! नाईतर सायेब थांबला असता का?"

एकदा दिव्यानीने त्याच जीपमध्ये मागे वळून या दाव्याचं मुद्देसूद खंडन केलं. बल्ब बसवलाच नसता, तर परीक्षा आदल्याच दिवशी झाली असती. ज्याने अडचण निर्माण केली त्याला ती सुटल्याचं श्रेय देता येत नाही! सगळ्या प्रवाशांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मागच्या सीटवरची एक म्हातारी बापूरावांना म्हणाली, "पोरगी हुशार हाये, भाऊ. पन बापाचं चांगलं पाहावत नाई तिले!"