दुमिंगकाकांचा पळीब्रेक

दुमिंगकाकांना भाईंदर स्टेशनाजवळ उतरायचं असलं, की ते अलीकडच्या मुर्धा गावापासूनच ब्रेक लावायला घ्यायचे. थोडी अतिशयोक्ती आहे, पण फारशी नाही.

त्यांच्या सायकलीला ब्रेक एकच, तोही पुढच्या चाकाला. मूठ दाबली की एक सळई खाली सरकायची आणि तिच्या टोकाची पळीसारखी पट्टी थेट टायरवर जाऊन टेकायची. नुसती टेकायची. थांबवायचं काम त्यानंतर काकांच्या चपला करायच्या. मिठागरावरच्या कुणा साहेबाने मुलूख सोडून जाताना ही सायकल त्यांच्या गळ्यात घातली होती. मी उत्तनच्या शाळेवर मास्तर म्हणून आलो तोवर सगळ्यांच्या सायकलींना पुढे-मागे, चाकाची कड धरणारे ब्रेक आले होते. पळी उरली होती ती फक्त काकांकडे.

काका शिंपी. पंचक्रोशीतल्या नवरदेवांचे कोट त्यांच्या हातचे. गळ्यात टेप, कॅरियरवर गाठोडं आणि तोंडात एकच बोलणं, "मास्तर, सायकलीला सांगून थांबवायची. तुमचे ब्रेक तिचा कान पिरगलतात."

रस्त्यात कुणी हाक मारली की "थांबतोय, थांबतोय!" असं ओरडत ते निघून जायचे. नवखा माणूस रागवायचा. जुनी माणसं शांतपणे चालत राहायची. पुढच्या वळणावर काका त्यांची वाट बघत उभे असायचे.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि टायर मिळेनासे झाले. भाईंदरचा सायकलवाला जेठाभाई कळवळून सांगायचा, "दुमिंगभाई, ये चमचा टायर खा जाता है!" काकांनी त्यावर उपाय काढला. पळीला जुन्या चपलेचं चामडं शिवलं. टीप इतकी सुबक, की जेठाभाईने आधी ती निरखून पाहिली आणि मग कपाळाला हात लावला.

ते चामडं एका सकाळी डोंगरीच्या उतारावर निसटलं. मी खालून चढत होतो. काका "थांबतोय!" म्हणत माझ्या शेजारून गेले तेव्हा त्यांच्या दोन्ही चपला पायांत नव्हत्या. उताराच्या पायथ्याशी मोनूबायने दोऱ्यांवर बोंबील वाळत घातले होते. मोनूबाय म्हणजे एकटी राहणारी विधवा कोळीण. तिच्या तोंडाला अख्खं बंदर भ्यायचं.

काका पहिल्या दोरीतून गेले, दुसरीतूनही गेले आणि तिसरीत अडकून पडले. हँडलला बोंबील, कानावर बोंबील, आणि खांद्यावरच्या नव्या कोऱ्या कोटाच्या वरच्या खिशात, रुमालाच्या जागी, बोंबील.

"आंदला हाय का रं?" मोनूबाय कडाडली.

"ब्रेक लावलाय," काका पडल्या पडल्या म्हणाले. "लागायला येल लागतो."

"मंग घरातनंच लावून निघत जा!"

तिने त्यांना तिथेच बसवलं. "शिवतोस ना? मंग बांद सगले." उन्हं उतरेपर्यंत काका बोंबील बांधत होते. तो कोट घातलेल्या नवरदेवाच्या वरातीत मांजरं फार होती, असं पुढे ऐकलं.

दुसऱ्या दिवशी काका गाठी सुटल्या का बघायला गेले. मग वाऱ्याने दोऱ्या सैल पडतात म्हणून जायला लागले. उतारावरून सायकल हातात धरून उतरायची, मोनूबायच्या ओट्यावर चहा घ्यायचा आणि तिच्या शिव्या खात बोंबील बांधायचे, असा क्रमच झाला. गाव कुजबुजलं. मोनूबाय रोज म्हणायची, "तो ब्रेक बदल." काका रोज म्हणायचे, "न्हाय."

एका रविवारी मी जेठाभाईच्या दुकानात हवा भरत होतो. काका आले आणि म्हणाले, "पळी काढ."

जेठाभाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"काढ रं. नवे ब्रेक बसव. पुढं बी, मागं बी."

"काका, झालं काय?" मी विचारलं.

"मोनूच्या डोल्यांत मोतीबिंदू हाय. काल बोंबील समजून तिनं माझं बोट बांदलं दोरीला." काका हसले, पण ते हसू लगेच ओसरलं. "तिला इकडं भाईंदरला डाक्टरकडं आणायची हाय. बैलगाडीत तिला उलटी होते. म्हटलं, माझ्या मागं बस. बसते म्हनली."

जेठाभाई हातातला पाना नाचवत म्हणाला, "इतने साल मैं बोला, तब तो नहीं माना!"

काका कॅरियरकडे बघत राहिले. "इतकी वरसं मागं गाठोडीच बसली ना रं."

ब्रेक बसले. काकांनी सवयीने मूठ जोरात आवळली आणि सायकल जागच्या जागी अशी थांबली, की ते स्वतःच हँडलवरून पुढे आले. मग त्यांनी पिशवीतून एक छोटी गादी काढली. वर कोटाचं कापड, आत कापूस, चारी कोपऱ्यांना बंद. ती कॅरियरला बांधली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, जरा बसा. बोचतं का सांगा."

मी बसलो. दुकानापुढच्या मोकळ्या जागेत ते मला घेऊन सावकाश गोल फिरले. थोडं जायचं, हलकेच ब्रेक दाबायचा आणि मान वळवून विचारायचं, "धक्का न्हाय ना बसला? भ्या न्हाय ना वाटत?"

"नाही," मी म्हणालो.

तरी त्यांनी आणखी एक फेरी मारली.