खांदा बघावा

लग्न होऊन नुकती दिंद्रुडला आले होते, तेव्हा मी बैलांना चहा नेऊन दिला होता. कपबशीत, वाकून नमस्कारासकट. ही गोष्ट नातीला अजून सांगितलेली नाही. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, म्हणून इथं बिनधास्त लिहिते.

झालं असं, की पोळ्याच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला गोठ्यातून नवऱ्याचा आवाज आला. "औंदा लई दमलात. खांदा ठणकतो का? उद्या जेवायला या, बरं का." आवाज असा मऊ, की मी चुलीपुढं थबकलेच. लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्याशी "दे", "ठेव" आणि "सरक" यापुढं गेला नव्हता. म्हणजे आत नक्की कुणीतरी मोठी पाहुणेमंडळी. आम्ही अंबाजोगाईच्या, दहावी पास, मनगटाला घड्याळ. पाहुण्यांपुढं कसं जावं ते सासरच्यांनी आमच्याकडून शिकावं, असं माझं तेव्हाचं मत. दोन कप चहा केला, डोक्यावर पदर घेतला, गोठ्यातल्या अंधारात ताट टेकवलं आणि पायाला हात लावायला वाकले. तर पाहुण्याला पाय चार.

नवऱ्यानं दोन्ही कप स्वतःच संपवले आणि म्हणाला, "साखर कमी हाय."

ती खांदेमळणी होती. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोलवटतो, म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तूप लावून तो मळायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचं आवतण द्यायचं. माझे वडील कचेरीत कारकून. त्यांचा खांदा कुणी मळत नसे, त्यामुळं मला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

तर असा हा माझा नवरा. गाव त्यांना आबा म्हणतं, मीही आता आबाच म्हणते. आबा माणसाचं तोंड बघत नाहीत, खांदा बघतात. "तोंड काय बघायचं? खांदा बघावा," हे दिवसातून एकदा तरी येतंच. मुलानं, म्हणजे बाळूनं, लग्न ठरवून मुलीचा फोटो दाखवला. आबांनी चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. "खांदा कापलाय ह्याच्यात. पुरा फोटू आण." पासपोर्टचा फोटो होता तो. सूनबाई अजून हसत हसत हे सांगते, पण माझ्या घरी आली की ताठ बसते.

एकदा मतं मागायला एक पुढारी आला. त्यानं हात पुढं केला, आबांनी तो सोडून त्याचा खांदा चाचपला, आपण बाजारात बैलाचा चाचपतो तसा. मग त्याच्या कार्यकर्त्यांकडं वळून म्हणाले, "चहा पाजा ह्यांना. पर ह्यो खांदा गादीवर बसल्याला हाय." तो पुढारी पुन्हा आमच्या गल्लीत फिरकला नाही. चहा मात्र पिऊन गेला.

मला वाटायचं, सगळ्या जगाचे खांदे झाले, आपला नंबर कधी? माहेरी माझ्या खांद्यावर दप्तराखेरीज काही चढलं नव्हतं. इथं आल्यावर आडाचं पाणी चढलं, कडब्याच्या पेंढ्या चढल्या, कापसाची बोचकी चढली, घड्याळ कुठल्या तरी पेंढीत गेलं ते गेलंच. एकदा आबा बियाणं निवडत बसले होते तेव्हा धीर करून विचारलं, "अहो, आणि माझा खांदा कसाय?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "बरा हाय." मी तेवढ्यावर दोन दिवस गाणी म्हणत होते. काय येडी होते मी.

बाळू जर्मनीत नोकरीला लागला आणि दर वर्षी या या म्हणू लागला. आबांचं उत्तर ठरलेलं, "बैलांना कोण बघंल?" या उन्हाळ्यात आमचा शेवटचा बैल, म्हातारा माणक्या, गेला. त्याचा जोडीदार आधीच गेला होता. नवी जोडी घ्यायची म्हटली तर शेतात आता भाड्याचा ट्रॅक्टर येतो. बाळूनं ताबडतोब तिकिटं काढली. आबांकडं बहाणा उरला नाही. निघायच्या सकाळी ते रिकाम्या गोठ्यात उभे दिसले. काय करताय विचारलं तर म्हणाले, "काई न्हाई. झाडून घ्यावं म्हणलं." हातात झाडू नव्हता.

तिकडं एका सुट्टीच्या दिवशी बाळूनं प्राणिसंग्रहालयाचा बेत काढला. कॅलेंडर मी बघितलं होतं, उद्या पोळा. सकाळी आबा स्वयंपाकघरात खुडबुड करत होते आणि खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन तिच्यात काहीतरी भरून खिशात घालताना दिसले. मला वाटलं, घशाला काही केलं असेल.

पोचलो आणि पाऊस लागला. आपल्याकडं पाऊस येतो तेव्हा आल्याचं कळवतो तरी. तिथला नुसताच गारठा गाळत बसला. बाळूनं सगळ्यांना निळे प्लास्टिकचे अंगरखे घेतले. नात बाळूच्या कडेवर, सूनबाईच्या हातात नकाशा, आणि दशम्या, चटणी, पाणी, नातीचे कपडे असली जड पिशवी माझ्या खांद्यावर, कारण दशम्यांवर माझा दुसऱ्या कुणावर विश्वास नाही. आबांचा एक हात खिशात, बाटलीवर.

पावसामुळं सिंह आत गेला होता. वाघ आत गेला होता. हत्तीलाही आत घेतलं होतं. बाळू रिकाम्या पिंजऱ्यांपुढं उभा राहून पाट्या वाचत होता. आबा बराच वेळ ऐकून म्हणाले, "बाळू, हे सगळे शहाणे आत बसले. भिजायला तिकीट काढून आपुनच आलाव." झेब्रा तेवढा बाहेर सापडला. आबांनी त्याला न्याहाळून शेरा दिला, "रंगवलाय झ्याक. पर पोळा उद्या हाय, आज कावून रंगवला?" जिराफाचा खांदा इतका वर, की आबांनी नाद सोडला.

आणि मग ते दिसले. कुंपणापलीकडं दोन दांडगे, केसाळ रानगवे पावसात शांत उभे. मानेमागं हे एवढं वशिंड. आबांनी डोक्यावरचं प्लास्टिक मागं टाकलं. खिशातनं बाटली काढली, बूच उघडलं. हळद-तुपाचा वास आला आणि मला सगळं कळलं. आबांनी कुंपणावरनं हात लांब केला आणि गोठ्यातल्या त्या जुन्या मऊ आवाजात म्हणाले, "या. असं इकडं या."

गवे नाही आले. हिरव्या कोटातली तिथली बाई आली. ती काही ओरडली नाही, पण आबांचा हात तिनं खाली करायला लावला. बाळू मधे पडून सांगू लागला, की इथं त्यांना कुणीच हात लावत नाही, ती बाईसुद्धा नाही. आबांनी विचारलं, "मंग ह्यांचा खांदा कोण मळतं?" बाळूनं कसंबसं त्या बाईला समजावलं. ती नवलानं आबांकडं बघत राहिली, मग काहीतरी म्हणाली. बाळू म्हणाला, "आबा, ती म्हणते, हे काही ओढत नाहीत. यांच्या खांद्यावर कधी कुणी काही ठेवलंच नाही."

आबांनी गव्यांकडं पुन्हा एकदा बघितलं आणि बाटलीला बूच लावलं.

त्यानंतर त्यांनी कुठलाच प्राणी बघितला नाही. दशमी हातात धरून बाकावर बसले, पाऊस दशमीवर पडत राहिला. नात म्हणाली, आबा रडले का? मी म्हटलं, नाही गं, पाऊस आहे. सूनबाईनं माझ्याकडं बघितलं आणि नातीला कुठंतरी माकडं दाखवायला घेऊन गेली.

घरी आलो तेव्हा माझा उजवा हात वर होईना. पिशवीच्या पट्ट्यानं खांद्याला वळ पडला होता. मी कण्हत पांढऱ्या सोफ्यावर टेकले. बाळू फवारा मारायचं औषध घेऊन धावला. तेवढ्यात आबा स्वयंपाकघरातून आले. बाटली त्यांनी गरम पाण्यात धरली होती, बाहेरून वाफ निघत होती. त्यांनी बाळूला हातानंच बाजूला केलं आणि माझ्या मागं येऊन उभे राहिले. मी म्हटलं, अहो, पोरं बघतात, आणि हळदीचा डाग पडेल सोफ्याला. त्यांनी पदर सरकवला. तळवा तसाच खरखरीत, पण दाब हलका.

"गप बस. औंदा आपल्या घरात वढल्याला खांदा येवढा एकच राह्यलाय. उद्या जेवायला या, बरं का."