चिटणीसांचं नाक

तहान लागली की प्राणी पाणी पितो आणि माणूस मंडळ स्थापन करतो. आमचं मंडळही याच मूलभूत गरजेतून नऊ वर्षांपूर्वी स्थापन झालं. उद्दिष्टं दोन: (एक) दुर्मीळ बर्बनचा शोध घेणे, (दोन) सापडलेल्या बर्बनची योग्य सिगारशी सोयरीक जमवणे. पिणे हे उद्दिष्ट घटनेत नाही. ते घालावं अशी सूचना पहिल्याच सभेत आली होती, पण मंडळाचा दर्जा लक्षात घेऊन ती फेटाळण्यात आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बर्बन म्हणजे मुख्यतः मक्यापासून काढलेली आणि आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवलेली व्हिस्की. ज्यांना माहीत आहे त्यांना तिला नुसतं व्हिस्की म्हटलेलं खपत नाही. सभासद चार. अध्यक्ष हे निवृत्त शाळा तपासनीस. दुसरे दातांचे डॉक्टर. तिसरे विमा कंपनीचे सर्व्हेअर. आयुष्यभर जळालेली गोदामं पाहिल्यामुळे धुराच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा मानतात. आणि चिटणीस मी. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. एखाद्याच्या तराजूत चिमूटभर फरक आढळला तरी मी तो तराजू जप्त करतो. माझ्या सचोटीबद्दल खात्यात दुमत नाही (हा तपशील पुढे लागेल).

शिकारीचा पहिला नियम असा, की हवी ती बाटली कधीही मागायची नाही. दुकानदाराला आपल्या डोळ्यांतली चमक दिसली की बाटली हातची गेलीच. म्हणून आधी भलतंच काहीतरी मागायचं, एक जांभई द्यायची आणि निघता निघता वरच्या फळीकडे बघून "ते धूळ खात पडलंय ते काय हो?" असं विचारायचं. या पद्धतीने मंडळाला नऊ वर्षांत अकरा बर्बन मिळाल्या. माझ्या घरी सोड्याच्या तीनशे चाळीस बाटल्याही जमल्या, कारण मला आयत्या वेळी सोड्याखेरीज काही सुचत नाही. ही (म्हणजे माझी बायको, शाळेत विज्ञान शिकवते) एकदा म्हणाली, "आपल्यात सोडा पितं कोण?" मी तिला शिकारीचं तंत्र सविस्तर समजावून सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून सोड्याने खिडक्यांच्या काचा पुसायला सुरुवात केली.

सभेचीही पद्धत ठरलेली आहे. लेबल पाहून मत बनू नये म्हणून चिटणीस बाटली आधीच एका साध्या काचेच्या सुरईत ओततो. मग चाळीस मिनिटं फक्त वास. मग सिगार पेटवायची. त्यानंतर पहिला घोट. वास पहिल्यांदा चिटणीसाने घ्यायचा आणि तीन वास जाहीर करायचे. बाकीच्यांनी ते शोधायचे. ज्याला सापडले नाहीत त्याने खिडकीशी जाऊन दहा श्वास घ्यायचे आणि परत यायचं. परत आल्यावरही वास सापडला नाही, असं नऊ वर्षांत एकदाच घडलं, आणि त्या सभासदाने (आता सभासद नाहीत) पुढे आपली चूक कबूल केली. आमच्या नोंदवहीतली सर्वांत वाखाणली गेलेली नोंद नमुन्यादाखल देतो:

"जुन्या वाचनालयातली चामडी खुर्ची, तिच्यावर कुणीतरी मध सांडून घाईघाईने पुसलेला. त्यामागे भाजलेला बदाम. आणि अगदी शेवटी, हळूच दार ओढून घ्यावं तसं, कोरं लाकूड."

(घाई न करता वाचावी. खिडकी उपलब्ध आहे.)

आता एक कबुली. दोन वर्षांपूर्वी मला आठवडाभर ताप आला. ताप गेला तो वास घेऊन गेला. हे मला कळलं ते हिच्यामुळे. मी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो होतो आणि ही शेजारच्या घरातून धावत आली. "दूध करपून घरभर धूर झालाय, आणि तुम्ही इथेच बसलाय?" नाक-घशाचे डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, वाट बघा. मी चिटणीसपदाचा राजीनामा लिहून खिशात ठेवला. पण त्याच रविवारी सभा होती, सुरई समोर होती आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नाक आत घातलं. काहीच नव्हतं. मग मनाला येईल ते बोललो. अध्यक्षांनी डोळे पुसले.

यानंतरची आकडेवारी बोलकी आहे. माझं नाक शाबूत असताना माझ्या नोंदींना तत्काळ सहमती मिळण्याचं प्रमाण एक्केचाळीस टक्के होतं. उरलेल्यांना खिडकी गाठावी लागे. नाक गेल्यापासून हे प्रमाण शंभर टक्के आहे. नाकाचा अडथळा दूर झाल्यावर माझी प्रतिभा मोकळी झाली, एवढाच याचा अर्थ लागतो.

ही म्हणायची, "सांगून टाका ना एकदा. वासच गेलाय, अब्रू नाही गेली." मी म्हणायचो, चिटणीसाच्या बाबतीत ते एकच. मला त्या पदाखेरीज होतं तरी काय? बाजारात मला बघून लोक दुकानाची फळी ओढून घेतात. रविवारी मात्र तीन शिकलेली माणसं मी बोलायची वाट बघत बसत.

गेल्या वर्षी मुलीला मुलगी झाली. जो येतो तो तिला उचलतो, तिच्या टाळूवर नाक ठेवतो आणि डोळे मिटतो. मीही ठेवलं. मीही डोळे मिटले आणि "वा" म्हणालो. हिने माझ्याकडे पाहिलं. मला फार वाईट वाटलं. त्याची नोंद कुठे केली नाही.

तर अशा परिस्थितीत मंडळाला ती बाटली मिळाली. सतरा वर्षं मुरलेली, बंद पडलेल्या भट्टीची, जिच्यामागे आम्ही सहा वर्षं होतो. एका दुकानात खिडकी मिटू नये म्हणून ती बाटली फटीत उभी केलेली होती (मी सोड्याचे दोन खोके घेतले). तिच्या सन्मानार्थ माझ्या घरी, सभेच्या मागच्या खोलीत, सिगारींसाठी देवदारी कपाट करायला घेतलं. सिगारींना फार कोरडं चालत नाही, फार दमट चालत नाही, एकटं ठेवलेलं चालत नाही. एकंदरीत त्यांचं पाहुण्यांसारखं असतं. सुतार आठ दिवस काम करत होता. त्याने हिच्याकडे पॉलिशसाठी एखादं काचेचं भांडं मागितलं. हिने मंडळाच्या दोन सारख्या सुरयांपैकी एक दिली.

रविवारी अकरा वाजता सभा भरली. मी आतून सुरई आणली. फळीवर दोन होत्या, दोन्हींत तोच मधासारखा रंग. घरातल्या नाक असलेल्या कुणीही दोन सेकंदांत फरक सांगितला असता. मी चार पेले भरले, वास घेतला आणि तीन वास जाहीर केले. असा शब्द मला त्याआधी कधी सुचला नव्हता. दातांच्या डॉक्टरांनी पुन्हा सांगायला लावलं. सर्व्हेअर म्हणाले, "धूर नाही यात. आणि नाही तेच बरोबर आहे." चाळीस मिनिटं आम्ही त्या पेल्यांत नाक घालून सुखात होतो. शेवटी अध्यक्षांनी सिगार ओठांत धरली, पेला जवळ ओढला आणि काडी हातात घेतली.

सुतार दारात उभा होता. तो कपाटाला शेवटचा हात मारायला आला होता.

"साहेब, काडी ओढू नका," तो म्हणाला. "माझं पॉलिश आहे ते."

अध्यक्षांनी विचारलं, "कसलं?"

"लाखेचं. स्पिरिटमधलं. पोटात गेलं तर डोळे जातात."

नाटक संपलं होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मला वास येत नाही. दोन वर्षं झाली."

मग सर्व्हेअर घसा साफ करून म्हणाले, "मला पहिल्यापासून फक्त दारूचाच वास येतो. म्हटलं, कशाला बोला." डॉक्टर म्हणाले, त्यांच्या नाकात दवाखान्यातल्या लवंगेच्या तेलापलीकडे वीस वर्षांत काही शिरलेलं नाही. अध्यक्षांनी सिगार खाली ठेवली. "मी पंचवीस वर्षं या ओढतोय," ते म्हणाले. "मला कसला वास येणार? मी तुमच्या भरवशावर होतो."

मग खरी सुरई आणली. ती आम्ही सुतारापुढे धरली. त्याने वास घेतला, थोडा विचार केला. "दारू आहे," तो म्हणाला. "पण चांगली असावी. लाकूड लागतंय जरा." ही नोंद सर्वानुमते मंजूर झाली आणि घटनेत तरतूद नसताना आम्ही ती प्यायलो.

संध्याकाळी मुलगी नातीला घेऊन आली. मी तिला खांद्यावर घेतलं आणि हिला म्हटलं, "कसा येतो गं वास? खरं सांग."

ही जवळ आली. तिने नातीच्या डोक्यापाशी नाक नेलं. "कोमट दुधाचा," ती म्हणाली. "थोडा आंबूस. पण तो तुमच्या शर्टाचा आहे, ओकलीय ती."

या वेळी मी "वा" म्हणालो नाही. तसाच उभा राहिलो आणि मला रडू आलं.

माझा राजीनामा मंडळाने फेटाळला आहे. मंडळाच्या मते चिटणीसाने वास घेतलाच पाहिजे असं घटनेत कुठेही म्हटलेलं नाही. सभासदसंख्या मात्र वाढवायची आहे, म्हणून हे निवेदन प्रसिद्ध करत आहोत. वर नमुन्यादाखल दिलेली ती चामडी खुर्ची, मध आणि बदामाची नोंद त्या रविवारची आहे. ती पॉलिशची आहे. ती वाचताना ज्यांनी मान डोलावली त्यांना वेगळा अर्ज करण्याची आवश्यकता नाही. त्यांची नावं नोंदवून घेतली आहेत. पुढच्या सभेला येताना सोडा आणू नये.