सुटका, पण कशी?

परबकाकांसमोर ‘सुटलो बुवा’ म्हणायची आमच्या चाळीत सोय नाही. चावणारी चप्पल काढून तुम्ही दारात सुस्कारा सोडलात, की शेजारच्या खोलीतून प्रश्न येणार, “कशी?”

“कशी म्हणजे?”

“सुटका कशी? विशेषण लाव.”

चपलेपुरतं हे ठीक आहे. पण गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरचे सावंतआजोबा दीर्घ आजाराने गेले. आम्ही सगळे जमलो होतो. कोणीतरी रीतीप्रमाणे म्हणालं, “सुटले बिचारे.” तेव्हाही मागून आवाज आला, “कशी?” मी काकांना कोपराने ढोसलं. ते माझ्यावरच उखडले. “अरे, माणूस चार वर्षं अंथरुणात काढतो आणि तुम्ही त्याला एक विशेषण देत नाही? कंजूष लेकाचे!” सावंतआजींनी पदराआडून वर पाहिलं. आता काय होतंय म्हणून आम्ही काकांना मागे ओढायला लागलो. आजी म्हणाल्या, “शांत. शांत लिवा, परब.”

काकांनी मान डोलवली आणि मगच हार घातला.

हा रोग त्यांना नोकरीत जडला. परळच्या एका हॉस्पिटलात बत्तीस वर्षं ते डिस्चार्जच्या खिडकीवर बसायचे. कार्डावर चौकोन तीन: ‘बरा होऊन’, ‘सुधारणा’ आणि ‘स्वतःच्या जबाबदारीवर’. “माणूस शंभर तऱ्हांनी बाहेर पडतो आणि ह्यांच्याकडे चौकोन तीन!” मग काका ऑफिसच्या प्रतीवर कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहायचे: ‘रुसलेली’, ‘घाबरट’, ‘सासूच्या परवानगीने’. साहेबाने शेवटी एक खोडरबर आणून दिलं. निवृत्तीच्या दिवशी काकांनी ते न वापरता परत केलं.

माझ्यावर त्यांचा विशेष लोभ, कारण माझ्याइतकी वाईट विशेषणं कोणाकडेच नाहीत. माझ्या सासूबाई सव्वा महिना राहून परत गेल्या, तेव्हा मी गॅलरीत हलकेच म्हणालो, “सुटलो.”

“कशी?”

“मोठी.”

“मोठं कपाट असतं.” काकांनी डोळे मिटून विचार केला आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगितलं, “चोरटी! तुझी चोरटी सुटका.” त्यानंतर दोन दिवस आमच्याकडे बिनफोडणीची खिचडी होती. विशेषण मात्र अचूक होतं, हे खिचडी खाताना मला मान्य करावं लागलं.

काकांबरोबर त्यांची थोरली बहीण राहते. तिला सगळी चाळ बाय म्हणते. दोघांचीही लग्नं राहून गेली. अकरा वर्षांपूर्वी बायच्या पायांतलं बळ गेलं, तेव्हापासून ती खाटेवर. काही हवं असलं की ती स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवते. चहा, पाणी, पंखा कमी, पंखा जास्त, किंवा नुसतंच “ह्यां काय नेसलंस?” विचारायला. काका दिवसातून पन्नासदा “इलंय गो!” म्हणत उठायचे आणि आम्हाला ऐकवायचे, “एक दिवस सुटेन ना, तेव्हा असं विशेषण लावीन की बघत राहाल.”

तो दिवस आला. वडाळ्याचा पुतण्या बायला न्यायला आला. लिफ्टची बिल्डिंग, कमोड, दिवसभराची बाई. “आता कायमची आमच्याकडेच,” तो म्हणाला. सगळं इतकं शहाणपणाचं होतं की कोणालाच नाही म्हणता आलं नाही. बायने कोणाकडे पाहिलं नाही. काकांनी तिच्या पिशवीत पेला आणि चमचा ठेवला.

“सुटलात हो काका!” जो तो म्हणायला लागला. काका म्हणायचे, “शोधतोय.”

आठव्या दिवशी ते माझ्याकडे आले. मी दाढी करत होतो. त्यांच्या कानावर तीच जुनी पेन्सिल.

“‘निवांत’ लावून पाहिलं. बसत नाही. ‘ऐसपैस’ बरं वाटलं होतं, पण दुपारी खोली फारच ऐसपैस होते रे.”

“हक्काची लावा आणि संपवा,” मी फेसातून म्हणालो. “अकरा वर्षं केलंत की!”

“हक्काची रजा असते. सुटका नाही.”

“मग रजा म्हणा!”

आयुष्यात पहिल्यांदाच माझा शब्द त्यांना पटला. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली. मग म्हणाले, “रजा म्हटलं की रुजू व्हावं लागतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला इस्त्रीचा शर्ट घालून काका दारात. हातात आमचीच प्लास्टिकची खुर्ची. “चल. तीन मजले चढवायचंय तिला.”

“काका, माझी पाठ…”

“तुझी पाठ कॅरमच्या मॅचला दुखत नाही. चल.”

वडाळ्याला पुतण्या समजावत होता, “काका, इथे लिफ्ट आहे.” मग तोच हळूच म्हणाला, “पण आल्यापासून तिने एकदाही चमचा वाजवला नाही.” आत बाय पलंगाच्या कडेला बसली होती. पिशवी भरलेली, पायांत पुतण्याने आणलेली नवी चप्पल.

“आठ दिस लागले तुका, मेल्या?”

टॅक्सीत बाय पिशवी मांडीवर धरून बसली, ती थेट चिंचपोकळीला आमच्या चाळीपर्यंत. जिन्यापाशी तिला कंठ फुटला. खुर्ची वरून काकांनी धरली, खालून मी. बाय खुर्चीच्या हातावर चमचा आपटत आज्ञा सोडत होती आणि माझ्या पाठीत प्रत्येक पायरीला एक नवं विशेषण जन्माला येत होतं, छापण्याजोगं एकही नाही.

शेवटी खाट आली. बाय तिच्यावर टेकली, उशी चाचपली, वरच्या पंख्याकडे पाहिलं आणि मोठ्ठा श्वास सोडला.

“सुटलंय रे बाबा!”

मी वाट बघत राहिलो. अख्खा मजला दारात उभा होता, तोही वाट बघत राहिला. काका जमिनीवर बसून बायच्या पायांतल्या चपला काढत होते. त्यांनी काहीच विचारलं नाही.

न राहवून मीच म्हणालो, “काका, कशी?”

“चहा टाक जा,” ते मान वर न करता म्हणाले.

चपला दोनच होत्या. काकांना त्या काढायला बराच वेळ लागला.