सुपडूकाकांचं फुरसं

बुऱ्हाणपुरात राहून खव्याच्या तपकिरी मावा जलेबीला हात न लावणारा माणूस मी एकच पाहिला : आमचे शेजारचे सुपडूकाका. डायबिटीस वगैरे काही नाही. चहात साखर विरघळायची थांबेपर्यंत घालतात. पण जलेबी दिसली की मागं सरकतात. "वेटोळं पाह्य, रंग पाह्य. आन् कढईत सोडली की आवाज ऐक. फुरसंच ते!"

फुरसं म्हणजे हातभर लांबीचा मातकट साप. कोरड्या, दगडगोट्यांच्या रानात राहतो, मऊ मातीत अंग पुरून नुसते डोळे वर ठेवतो. डिवचला की अंगाला अंग घासून तळणीसारखी चरचर करतो, आणि चावला तर माणूस जातोही. काकांचं शेत देडतलाईकडे, खडकाळ. कापूस वेचताना त्यांनी फुरशी पुष्कळ पाहिली. काकू गेल्या, मुलगा सुरतेला स्थायिक झाला, शेत विकून काका शहरात, आमच्या बुधवाऱ्यात आले. फुरसं मात्र डोक्यात बसून सोबत आलं. बूट घालण्याआधी त्यात डोकावून विचारतात, "आहेस का रे आत?" आणि आल्यागेल्याला ऐकवतात, "फुरसं आधी बोलतं, मंग डसतं. माणूस तर बोलतच नाही."

त्यांच्या मागच्या अंगणात दगडांचा एक ढीग आहे. दुपार कलली की काका तिथून ओरडायचे, "फुरसं! धावा, फुरसं!" गल्ली काठ्या घेऊन धावायची. ढिगात काही नसायचं. काका म्हणायचे, "आलेच आहात तर चहा घ्या. निघंल ते, वाट पाहू."

मी झूलॉजीची बी.एस्सी. आमच्या खानदानात कॉलेज पाहिलेली मी पहिली, त्यामुळे ज्ञान पोटात ठेवायची मला सवय नाही. मी सरळ सांगितलं, "काका, वस्तीच्या मधोमध, नालीच्या ओलीत फुरसं राहत नाही."

"तुझं पुस्तक त्याला विचारून लिहिलं होतं का व?"

शेवटी काकांच्या पलीकडचे गजूभाऊ वैतागले. "काका, आता फुरशाचा फोटो पाठवा व्हॉट्सअ‍ॅपवर. मंग येतो." गल्ली हसली, आणि त्या दिवसापासून काकांच्या हाकेला कोणी जाईना. काका रोज ओरडत. मग थोडं हळू ओरडत. मग ढिगापाशी खुर्ची टाकून नुसते बसू लागले. अंगणातल्या चुलीवर चहाचं पातेलं मात्र मोठंच चढायचं, ते मला गच्चीवरून दिसायचं.

गजूभाऊंच्या घरी इटारसीची सून आली, पूजा. मराठीचा गंध नाही. एका दुपारी मी कपडे वाळत घालत होते. काकांनी सवयीनं, अगदी पडक्या आवाजात म्हटलं, "फुरसं... ए, फुरसं..."

भिंतीपलीकडून उत्तर आलं, "हां काकाजी, है फुरसत! आती हूँ!"

आणि गवारीच्या शेंगांचं ताट घेऊन पूजा मागच्या दारानं आत. सरळ दगडांवर बसली आणि माहेरच्या गप्पा सुरू. काका आधी दगडांकडे पाहत राहिले, मग तिच्याकडे. दुसऱ्या दिवशी पुन्हा "फुरसं?" पुन्हा ताट, पुन्हा गप्पा.

आता चुकीचा शब्द माझ्यानं ऐकवत नाही. मी खाली उतरले, त्यांच्या अंगणात गेले. "भाभी, सुनो. फुरसं मतलब फुरसत नहीं. फुरसं मतलब—"

"ए मास्तरीण!" काका एवढ्या जोरात ओरडले की खऱ्या फुरशानं बीळ सोडलं असतं. "लई शिकलीस, माहीत आहे. घे, चहा घे. तोंड भरलेलं ठेव."

मी कप तोंडाला लावला. पूजा विचारत होती, "क्या मतलब, काकाजी?"

"कुछ नहीं, बेटा." काका ताटात वाकले. उरलेल्या शेंगा त्यांनी बोटानं चाचपल्या, त्यातली एक उचलून अगदी सावकाश मोडली. मग माझी नजर चुकवून म्हणाले, "ये गवार बहोत जल्दी निपट जाती है. कल मेथी लाना. मेथी को टाइम लगता है."