सैन्य सुट्टीवर

सौमित्र बराच वेळ टीव्हीच्या पडद्यावरच्या एका हिरव्या चौकोनाकडे बघत बसला होता, आणि त्याचे सासरे नत्थुजी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेल्या काळ्या चष्म्यातून सौमित्रकडे बघत होते.

“जवाईबापू,” शेवटी त्यांनी विचारलं, “हे बंद पडलं काय?”

“नाही मामाजी.”

“मंग हालून काहून नाई राहिलं?”

“माझी पाळी आहे. विचार करून राहिलो.”

“अस्सं. आन् समोरचा?”

“तो थांबलाय.”

“भला मानूस दिसते,” नत्थुजी म्हणाले आणि त्यांनी पुन्हा मान सोफ्याला टेकवली.

नत्थुजी चांदूर बाजारकडचे संत्र्याचे बागाईतदार. डॉक्टरांनी धूळ, वाकणं आणि बगीचा या तिन्ही गोष्टींना मनाई केल्यामुळे ते अमरावतीला मुलीकडे आठवडाभर राहायला आले होते. मुलगी अपेक्षा सकाळीच शाळेत शिकवायला निघून जायची. मागे उरायचे सासरे आणि जावई, आणि त्यांच्यामध्ये एक प्लेट बिस्किटं.

त्यात एक घोळ लग्नापासूनचाच होता. सौमित्रचे वडील मोरोपंत अकोल्याला वकिली करत. लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा काय करतो’ असं विचारल्यावर त्यांनी घसा साफ करून सांगितलं होतं, “मुलगा परीक्षक आहे. घरूनच काम असतं.” हे अगदी खरं होतं. पुण्याच्या एका वेबसाइटसाठी सौमित्र इअरफोन, पॉवर बँक आणि एकदा तर पाय दाबायचं मशीन वापरून बघून त्यांचं परीक्षण लिहायचा. पण नत्थुजींनी गावात सांगितलं, जवाई बोर्डाचे पेपर तपासतात. लोक त्यांना आदरानं चहा पाजू लागले. पुढे हा गैरसमज दूर करायचं अपेक्षा दर दिवाळीला ठरवायची, आणि दर दिवाळीला फराळात राहून जायचं.

“तुमी पेपर कोठी ठेवता?” दुपारी जेवताना नत्थुजींनी विचारलं. “मी आलो म्हनून काम थांबवू नका. मी गडबड नाई करत.”

सौमित्रनं हातातला घास खाली ठेवला. खोटं बोलायचं तर आठवडाभर पेपर आणायचे कुठून?

“मामाजी, मी पेपर नाही तपासत. मी हे तपासतो.” त्यानं टीव्हीकडे बोट दाखवलं. पडद्यावर बदकासारखा एक जांभळा प्राणी शेपटीवर बसून जांभई देत होता.

“हे?”

“हे.”

“याले मार्क देता?”

“पाचपैकी.”

नत्थुजींनी बदकाकडे पाहिलं. बदकानं पुन्हा जांभई दिली. “बरं,” एवढंच म्हणून ते हात धुऊन गॅलरीत गेले आणि त्यांनी घरी बायकोला, सुभद्राबाईंना, फोन लावला. फोन असला तरी आपला आवाज आपल्याच बळावर चांदूर बाजारपर्यंत गेला पाहिजे, अशी त्यांची बोलण्याची पद्धत होती.

“हौ, डोया चांगला हाय. पोरगी बी चांगली हाय. जवाई?” इथे त्यांनी एकदा आत डोकावून पाहिलं. “जवाई बसून हायेत.”

हे ‘बसून हायेत’ सौमित्रला लागलं. खरं तर हे त्याचं आजवरचं सगळ्यात मोठं काम होतं. टोमोरी नावाच्या खेळांची मालिका तो शाळेत असल्यापासून खेळत होता. त्यात जंगलातून हिंडायचं, शिंगांचे, पंखांचे, शेपटीतून जाळ काढणारे प्राणी पकडायचे आणि जिवापाड सांभाळायचे. आता कंपनीनं त्याच प्राण्यांचा एक वेगळाच खेळ काढला होता. बुद्धिबळासारखा पट, पटावर किल्ले, आपले प्राणी म्हणजे आपलं सैन्य. एक चाल आपली, एक शत्रूची. बाजारात येण्याआधी त्याची एक प्रत सौमित्रकडे आली होती. शुक्रवारी दुपारपर्यंत परीक्षण दिलं आणि ते संपादक जुईलीला आवडलं, तर खेळांचं सदर कायमचं त्याचं होणार होतं.

अडचण एवढीच, की त्याला खेळ आवडला नव्हता. जंगल नाही, पकडापकडी नाही, नुसतं बसून डोकं खाजवायचं. पाचपैकी अडीच, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. फक्त शेवटचा किल्ला बाकी होता. शेवट न पाहता गुण द्यायचे नाहीत, असा जुईलीचा नियम.

गेलेली अब्रू थोडी परत मिळवावी म्हणून संध्याकाळी तो सासऱ्यांना म्हणाला, “मामाजी, तुम्हाला दाखवतो मी काय करतो ते. हे साधं नाही. हे युद्धशास्त्र आहे.”

युद्धशास्त्रात नत्थुजींनी रस दाखवला नाही. पण सैन्यातला सहावा प्राणी पडद्यावर आला तसे ते पुढे सरकले. रुंद छाती, मागे वळलेली शिंगं, कपाळावर पांढरा ठिपका.

“हा कोनाचा?”

“आपलाच. ब्रुमोकान त्याचं नाव.”

“हॅ! हा तर आमचा बैल पवळ्या हाय,” नत्थुजींनी निकाल दिला. “चाल पाहा त्याची. याले तुमी तथी उन्हात काहून उभा केला?”

“ते ऊन नाही, वाळवंटाचा चौकोन आहे. तिथून हल्ला चांगला होतो.”

“पानी कोठी हाय जवळ?”

“मामाजी, ह्याला पाणी लागत नाही.”

नत्थुजींनी जावयाकडे असं पाहिलं, की सौमित्रनं मुकाट्यानं ब्रुमोकानला तळ्याच्या चौकोनात नेलं. पुढच्याच चालीत शत्रूनं त्याला तिथे गाठून ठोकलं. जीव दाखवणारी पट्टी अर्धी लाल झाली. नत्थुजी हळहळले आणि त्यांनी यासाठी सौमित्रला जबाबदार धरलं. विषय बदलायला सौमित्रनं त्यांना पडद्याच्या कडेची चित्रं दाखवली: तलवार, ढाल, घर.

गुरुवारी दुपारी सौमित्रला त्यांच्या डोळ्यांचे थेंब आणायला राजापेठेत जायचं होतं. टीव्ही चालूच होता.

“बंद नाई करत?” नत्थुजींनी विचारलं.

“नाही. ह्या खेळाचं हेच आहे मामाजी, तो आपल्यासाठी थांबून राहतो. तुम्ही बघत बसा हवं तर.”

औषधाच्या दुकानात गर्दी होती. मग समोर एक गाडीवाला गिला वडा तळताना दिसला, आणि सासरे घरी असताना रिकाम्या हातानं जाणं बरं दिसणार नाही म्हणून तो तिथेही थांबला. घरी परतला तेव्हा नत्थुजी सोफ्यावर ताठ बसले होते. हातात खेळाचा कंट्रोलर होता आणि चेहऱ्यावर एखादं पुण्यकर्म केल्याचं समाधान.

“या जवाईबापू. तुमचं काम हलकं केलं.”

सौमित्रनं पडद्याकडे पाहिलं. किल्ल्यासमोरच्या मैदानात त्याच्या सैन्यातला एकच प्राणी उरला होता. तेच जांभळं बदक. ते झोपलं होतं.

“बाकीचे कुठे गेले?”

“घरी पाठवले.”

“घरी?”

“पवळ्या लंगडून राहिला होता ना! तुमी जाता जाता पाहिलं बी नाई त्याच्याकडं. काल तुमी थे घराचं चित्र दाखवलं होतं, थे दाबलं. मंग म्हनलं, बाकीच्याईनं काय पाप केलं? थे बी थकलेच होते. बदक तेवढं झोपलं होतं, त्याले नाई उठवलं. त्यानं दोनदा इचारलं काहीतरी इंग्रजीत. मी दोन्ही येळा हौ म्हनलं.”

सौमित्र गिल्या वड्याची पुडी हातात घेऊन खालीच बसला. त्या घराच्या चित्राचा अर्थ ‘कायमची रजा’ असा होता. एकदा गेलेला प्राणी परत येत नसे. प्रत्येक चालीनंतर खेळ आपोआप नोंदवला जायचा, त्यामुळे मागे जाण्याचीही सोय नव्हती. हे सगळं त्यानं आपल्या परीक्षणात ‘खेळाची कठोर पण प्रामाणिक बाजू’ म्हणून लिहायचं ठरवलं होतं.

“आन् मंग मी गेमातले दिवस संपवत गेलो,” नत्थुजी पुढे सांगत होते. “म्हनलं, होऊ द्या त्याईचा आराम. चार-पाच दिवस गेले असतीन. तवापासून समोरचे लोकं काहीतरी करून राहिले, पन मी लक्ष नाई देल्लं.”

समोरच्या लोकांनी दरम्यान सौमित्रचे तीन किल्ले घेतले होते.

ऑपरेशन झालेल्या सासऱ्यावर ओरडता येत नाही. सौमित्र गॅलरीत गेला आणि त्यानं जुईलीला फोन लावला.

“जुईली, एक अडचण आहे. माझं सैन्य सासऱ्यांनी सुट्टीवर पाठवलं.”

“काय?”

“सगळं. एक बदक उरलंय.”

पलीकडे कीबोर्डची टकटक थांबली. मग जुईली म्हणाली, “हे बघ, उद्या दुपारी लेख हवाय. बदक घेऊन जिंक, नाहीतर बदक घेऊन हर. पण शेवटपर्यंत जा आणि मगच लिही.”

अपेक्षा शाळेतून आली तेव्हा दोघं सोफ्याच्या दोन टोकांना सुतकात बसल्यासारखे बसले होते. तिनं आधी नवऱ्याची बाजू ऐकली, मग वडिलांची.

“बाबा, तुम्ही कशाले हात लावला त्याले?”

“मले काय मालूम थे परत येत नाई! घरी गेलेलं जनावर परत येत नाई, असं कोठी असते काय?” नत्थुजींचा आवाज उतरला होता. “माह्यानं चूक झाली जवाईबापू. आता मीच निस्तरतो. सांगा, या बदकाले काय येते?”

“काहीच नाही येत. ते नुसतं बसतं.”

“कोठी बी बसते?”

“कुठेही.”

“मंग रस्त्यावर बसवा त्याले,” अपेक्षा पर्स न ठेवताच म्हणाली. “तो पूल आहे ना? एकच चौकोन रुंद आहे. तिथे बसलं तर ते येतील कुठून?”

बदक पुलावर बसलं. शत्रूचं सैन्य पुलाच्या पलीकडे रांग लावून उभं राहिलं. ज्याच्या अंगातून जाळ निघायचा तो पुढे आला आणि त्यानं बदकाला भाजून काढलं. बदक जागं झालं, त्यानं जांभई दिली आणि ते पुन्हा झोपलं. जांभईनं समोरचाही झोपला. ही त्याची एकमेव विद्या होती, आणि सौमित्रनं आजवर ती कधी वापरलीच नव्हती.

“बाप्पा!” नत्थुजी उठून पडद्याकडे वाकले.

“बाबा, वाकू नका!”

त्यानंतर घरात स्वयंपाक झाला नाही. गिला वडा थंडच खाल्ला गेला. प्रत्येक चालीआधी तिघांची बैठक भरायची. अपेक्षा चौकोन मोजायची. नत्थुजींचा प्रत्येक हल्ल्याला विरोध असायचा. सौमित्र शत्रूच्या बाजूनं बोलायचा, “मी त्यांच्या जागी असतो तर…” आणि बाकी दोघं त्याच्यावर तुटून पडायची. खेळ थांबून राहायचा. एकदा तर बैठक इतकी लांबली, की नत्थुजींच्या थेंबांची वेळ टळून गेली. अपेक्षानं त्यांचं डोकं मागे करून औषध घालताच मिटल्या डोळ्यांनी ते म्हणाले, “उजवीकडं. पुलावरून हलवू नका त्याले, पन तोंड उजवीकडं करा.”

ते हरले. हरायचेच होते, बदक एकटं किती बसणार? पूल गेला, मग किल्ला गेला, आणि पडद्यावर काळ्या रंगात पराभवाची अक्षरं आली. तिघंही एकदम “अरे!” म्हणाली, आणि मग अपेक्षा इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सकाळी सौमित्र लिहायला बसला. अडीच गुणांचं परीक्षण त्याच्या डोक्यात तयार होतं, पण हात भलतंच लिहू लागले. हा खेळ संथ आहे, त्यानं लिहिलं, पण संथ आहे म्हणूनच त्यात माणसांना बसायला जागा आहे. एकट्यानं खेळाल तर कंटाळाल. घरातल्यांना बोलवा, भांडा, आणि दुबळा म्हणून बाजूला ठेवलेल्याला पुलावर बसवून बघा. चार गुण. दुपारच्या आत लेख गेला आणि जुईलीचा फोन आला.

“छान झालाय! हे सदर तुझंच, सौमित्र.”

सौमित्रनं आनंदात फोन तसाच बाजूला ठेवला आणि तो लेख सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. नत्थुजी डोळे मिटून ऐकत होते. शेवटी त्यांनी डोळे उघडले.

“चार?”

“हो. का?”

“चार काहून देले?”

“मामाजी, काल तुम्हीच तर उभं राहून…”

“थे बरोबर हाय. मजा आली मले. पन मजा वायली आन् मार्क वायले. पवळ्याले परत येऊ देत नाई, थो गेम चांगला कसा? जनावर थकलं तर त्याले आराम नको काय? मी तर दोन देतो. थे बी बदकासाठी.”

“अहो, तीच तर खेळाची शिस्त आहे. चुकीची किंमत मोजावी लागते.”

“चूक माही होती. किंमत पवळ्यानं काहून मोजावी?”

सौमित्र आवाज चढवून बोलला. नत्थुजींनीही चढवला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण ‘जेवले काय’ आणि ‘गाडीनं नीट या’ यापलीकडे त्या दोघांचं एवढं बोलणं कधी झालं नव्हतं. फोन अजून चालूच आहे, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

“सौमित्र,” फोनमधून जुईलीचा आवाज आला, “ते कोण बोलतायत?”

“माझे सासरे.”

“ते जे बोलले ना, ते तसंच्या तसं लिहून पाठव. एक अक्षर पुणेरी करू नकोस.”

वेबसाइटवर दोन्ही परीक्षणं शेजारी-शेजारी छापून आली: जावयाचे चार, सासऱ्यांचे दोन. खाली वाचकांनी प्रतिक्रियांचा पाऊस पाडला. त्यातले बहुतेक जण नत्थुजींच्या बाजूनं होते. एकीनं लिहिलं होतं, जुन्या खेळात माझा प्राणी गेला तेव्हा मी रडले होते, पण सांगायची लाज वाटली. सुभद्राबाईंनी ते सगळं मोबाईलवर वाचलं आणि नवरा घरी आल्यावर त्याला काही दिवस जरा मानानं वागवलं.

पुढच्या महिन्यात परीक्षणासाठी एका नव्या खेळाचं पार्सल आलं. सौमित्रनं दार उघडून हात पुढे केला, तसा पार्सलवाला मागे सरकला.

“नत्थुजी तुम्हीच काय?”

“नाही, मी सौमित्र. माझं नाव असेल ना?”

“हाय ना. खाली, ‘द्वारा’ म्हणून.” त्यानं मोबाईल पाहिला. “पण ओटीपी त्याईच्या नंबरवर गेला. त्याईले इचारा.”

सौमित्रनं फोन लावला. पलीकडे बगीच्यातल्या पाण्याच्या पंपाचा आवाज येत होता, आणि त्याच्यावर नत्थुजींचा.

“देतो ना ओटीपी,” ते म्हणाले. “पन जवाईबापू, डब्बा फोडू नका. मी ऐतवारी येऊन राहिलो. पह्यली चाल आपन मिळूनच करू.”