मामांच्या विमानाची शेपटी

विमान पुसायला घेऊ नका, असं बायकोनं बजावून सांगितलं होतं, आणि भाच्यानं "हो हो" म्हटलंही होतं. तरी त्यानं ते पुसायला घेतलंच. पंख्यांच्या कारखान्यात तो तपासनीस. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, त्यामुळे धूळ दिसली की हात शिवशिवायचे. उजेड बरा म्हणून त्यानं विमान बाल्कनीच्या कठड्यावर ठेवलं, फडकं फिरवलं, आणि शेपटी कट्कन निखळून खाली गेली. खाली पाण्याचा टँकर मागे येत होता. पुढचं काय सांगायचं!

विमान मामांचं. चांगलं हातभर लांब, लाकडी. मामा एका विमान कंपनीच्या तिकीट कचेरीत होते. कचेरी बंद झाली तेव्हा तिथल्या काचेमागचं हे विमान त्यांनी घरी आणलं. मामा गेल्यावर मामींनी ते पोटच्या मुलाला दिलं नाही. सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाल्या, "याच्या हातात वस्तू टिकत नाही. भाच्याकडे राहू दे, तो जपेल." या मामेभावाला घरात सगळे धडपड्याच म्हणत. त्या दिवशी तो न जेवताच उठून गेला, आणि तेव्हापासून भाच्याशी कामापुरतं बोलायचा.

संध्याकाळी नेमका मामींचा फोन आला. "रविवारी येतोय रे आम्ही दोघं. विमान बघावंसं वाटतंय."

"सांगून टाका ना सरळ," बायको म्हणाली.

"काय सांगू? जपणाऱ्यानं टँकरखाली घातलं म्हणून? तेही धडपड्यासमोर?"

नवी शेपटी करायची तर जुनी कशी होती ते आठवायला हवं. आठवेना. त्यानं जुने अल्बम काढले. मामांच्या घरातल्या झाडून सगळ्या फोटोंत विमान होतं, आणि झाडून सगळ्या फोटोंत शेपटीसमोर कुणाचं तरी डोकं होतं. बहुतेक वेळा धडपड्याचंच.

शेवटी कुणीतरी कॅप्टनकडे जायला सांगितलं. कॅप्टन म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. खऱ्या विमानात एकदाच बसलेले, तेही मधल्या सीटवर, पण छोटी विमानं करण्यात हयात गेलेली. त्यांनी विमान उलटं केलं आणि भुवया वर नेल्या.

"पंखांखाली भोकं. दोन इकडे, दोन तिकडे. चार इंजिनांचं विमान आहे हे! इंजिनं पडलीत याची."

"पण पंखांना इंजिनं मी कधी पाहिली नाहीत. शेपटीपाशी मात्र काहीतरी फुगीर होतं, असं वाटतं."

"वाटतं की होतं?"

भाचा तपासनीस. खात्री नसताना 'होतं' म्हणणं त्याच्या जिवावर आलं. "वाटतं."

"मग सोडा ते."

"पण चार इंजिनांच्या मानानं हे अंगानं आखूड नाही?"

"आखूड प्रकार होता एक. फार दुर्मीळ," कॅप्टन म्हणाले. जे माहीत नसेल त्याला ते दुर्मीळ म्हणतात, हे भाच्याला फार उशिरा कळलं.

मग रोज कारखान्यातून आलं की विमान. चार इंजिनं कोरली. त्यांना शोभेल अशी उंच शेपटी केली, तर विमान मागे कलून ढुंगणावर बसायला लागलं. नाकात वजन हवं म्हणून नाक पोखरून त्यात नट भरले. पोखरलेलं रंगाऱ्याच्या लांबीनं बुजवलं, त्यावर रंग दिला, तो बाकीच्या रंगाशी जुळेना. म्हणून मग सगळंच खरवडून पहिल्यापासून रंगवलं. जेवणाच्या टेबलावर विमान, आणि नवरा-बायकोची ताटं मांडीवर.

"विमानतळावर तरी टेबल मिळतं," बायको म्हणाली. भाच्याला हसायचंही त्राण नव्हतं.

कारखान्यात त्यानं उलटं पातं लावलेला पंखा पास केला. साहेबांनी बोलावून विचारलं, "बरं नाही का?"

"शेपटी जमत नाहीये, साहेब."

साहेबांनी पंखा दुसऱ्या तपासनिसाकडे पाठवला.

रविवारी विमान नव्या नवरीसारखं चकाकत होतं. मामी आल्या, मागून धडपड्या आला आणि विमानापासून लांब उभा राहिला. मामींनी चष्मा लावला. विमानाला एक फेरी घातली.

"छान आहे हो. पण आपलं कुठंय?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"मामी, हेच ते..."

"हे कसलं? आपल्या विमानाला शेपटीपाशी दोन इंजिनं होती. पंखांखाली नव्हतं काही. नुसती भोकं. ह्यांनी किल्ल्या अडकवायला आकडे बसवले होते. येता-जाता माझी बाही अडकायची, म्हणून मीच उपटून टाकले."

भाचा मटकन खाली बसला. इतक्या दिवसांचा शीण एकदम अंगावर आला. "मामी, माझ्या हातून मोडलं. शेपटी गेली. तुम्ही एवढ्या विश्वासानं दिलंत, आणि मी..."

"शेपटीच ना?" मामी म्हणाल्या. "ती तुटतेच रे. त्या खोबणीतच खोट आहे. पहिल्यांदा ह्यांच्याच हातून तुटली, घरी आणतानाच दारावर आपटून. मग दोनदा माझ्या हातून. चिकटवून चिकटवून वीट आला होता मला. म्हटलं, आता तुझ्याकडे असू दे."

"आई," धडपड्या हळूच म्हणाला, "शेपटी मी तोडली होती ना?"

"छे रे. तू तेव्हा रांगत होतास."

"मग आजवर माझं नाव का घेत होतात तुम्ही सगळे?"

मामी जरा ओशाळल्या. "बाबा, तुझ्या हातून बाकीचं इतकं फुटायचं, की त्यात हे खपून गेलं. एकदा नाव पडलं, ते पडलंच."

धडपड्यानं आईकडे पाहिलं, चार इंजिनांच्या विमानाकडे पाहिलं, मग जमिनीवर बसलेल्या भाच्याकडे. तोंड कितीही आवळलं तरी त्याला हसू आवरेना. खुर्ची रिकामी असूनही तो भाच्याशेजारी खालीच बसला, अगदी खांद्याला खांदा लावून.

"वहिनी, चहा टाका," तो आत बघून ओरडला, आणि मग भाच्याकडे वळला. "हं. आता सांग, कसं मोडलंस? पहिल्यापासून सांग. मला काही घाई नाही."